कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

आमच्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ नोकरीवर चालतो. कचेरीची वेळ, महिनाअखेरचा पगार, बढतीची वाट आणि शेवटी पेन्शन, एवढ्यात आयुष्य आटोपते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही कोणा संस्थानिकाचे वा सेनापतीचे चरित्र न घेता एका मास्तरांचे घेतले आहे.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली दापोलीनजीक मुरुड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांचा अभ्यासक्रम पुरा झाला व १८७४ साली ते मॅट्रिक झाले. त्यापुढे विद्यापीठाची कोणतीही पदवी त्यांच्या नावापुढे कधी लागली नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, असा त्यांच्या शिक्षकी पेशाचा प्रवास. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड उचलावयाचे, हे या पेशातील माणसास सांगावयास नको. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी पुस्तके लिहिली, ‘सृष्टचमत्कार’ त्यांपैकीच. एवढेच केले असते तरी ते चांगले शिक्षक म्हणविले गेले असते, आणि लौकरच विस्मृतीत गेले असते.

त्यांनी वेगळा उद्योग धरला तो आपल्या घराघरातील पंचांगाचा. तिथी, नक्षत्र, अधिक मास हे सारे येते कोठून, कोणत्या ग्रंथकाराने कोणते गणित केले, याचा शोध त्यांनी मुळापासून घेतला. या विद्येला लागते काय? जुने ग्रंथ, कागद आणि अमर्याद चिकाटी. ती ट्रंकेत घालून एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते. तिची बदली कोणी साहेब करू शकत नाही. त्यांच्या यशाचे निम्मे मर्म आम्हांस या निवडीतच दिसते.

या गणिताचा उपयोग कोठे झाला ते पाहण्यासारखे आहे. गुप्त राजांच्या शिलालेखांत वर्षांचे आकडे आहेत, परंतु त्या शकाचा आरंभ केव्हाचा याविषयी विद्वानांत तंटा होता. कनिंगहॅम इ. स. १६६ च्या सुमाराचा म्हणत, बेली १९० चा, तर फर्ग्युसन ३१८ चा. अल्बेरुनीने हा काल शालिवाहन शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याचे लिहून ठेवले होते, पण ते सर्वांना मान्य नव्हते. एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. दीक्षितांनी गणित केले, तेव्हा ती तिथी २१ जून ४८४ या दिवशी आली आणि वारही गुरुवारच निघाला. वार सातच असल्याने एखादा योगायोगानेही जुळेल, म्हणून इतर लेखांतील कालनिर्देशही तपासण्यात आले. डॉ. फ्लीट यांच्या १८८८ सालच्या गुप्त लेखांच्या ग्रंथात हे गणित घेतले आहे; गुप्तकालाचा आरंभ इ. स. ३१९-२० हा निर्णय त्यावर भक्कम झाला. तर्कवितर्कांत वर्षे गेली आणि निकाल लागण्यास एका मॅट्रिक शिक्षकाची आकडेमोड कामी आली! पदवीच्या जोरावर दुसऱ्याचे मोल ठरविणाऱ्यांनी याचा विचार करावा.

१८९६ साल त्यांच्या आयुष्यातील मोठे साल. त्या वर्षी मद्रास इलाख्यातील निवृत्त अधिकारी रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी रचलेला, हिंदी तिथींचे इंग्रजी तारखांत रूपांतर करण्याचा ग्रंथ लंडनला निघाला. आणि त्याच वर्षी पुण्यात ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ प्रसिद्ध झाले. वेदकालापासून सिद्धान्तग्रंथांपर्यंत आणि तेथून चालू पंचांगांपर्यंतचा इतिहास त्यात आहे. इंग्रजीत लिहिले असते तर युरोपात त्यांची कीर्ती अधिक लवकर पसरली असती. पण त्यांनी तो मराठीत लिहिला, याबद्दल आम्हांस त्यांचा अधिक आदर वाटतो.

हा ग्रंथ हाती आल्यावर त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. १८९८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते नोकरीत असतानाच निवर्तले. पेन्शन खाण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. ग्रंथाचा पुढे हिंदीत अनुवाद झाला, आणि १९६९ साली त्याच्या पूर्वार्धाचे इंग्रजी भाषांतर भारत सरकारच्या वेधशाळा खात्याने छापले.