प्रयोगशाळेचे दार उघडणारे डॉ. केळकर

हृदयाचे ठोके ओळखायला डॉक्टर शिकतो तो रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवून. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मात्र यंत्र अनेकदा लांबूनच दिसते. एकजण मीटर वाचतो, बाकीचे जर्नल उतरवून घेतात. यंत्र विद्यार्थ्याच्या हाती देणारी संस्था ज्यांनी उभी केली, त्या डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर यांची म्हणूनच आठवण ठेवायला हवी.

केळकरांचा जन्म १९०९ मध्ये धारवाडला झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिक्षण घेऊन ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकले. १९३७ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाची पीएचडी मिळवली. बंगळुरूत काही वर्षे शिकवल्यावर १९४३ मध्ये ते मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये विद्युत विभागाचे प्रमुख झाले.

पुढे आयआयटी मुंबईच्या आखणीचे काम त्यांच्याकडे आले. सोव्हिएत रशियाकडून युनेस्कोमार्फत यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ मिळणार होते. जुलै १९५८ मध्ये १०० विद्यार्थ्यांचे वर्ग वरळीच्या सस्मिरा संस्थेत सुरू झाले; पवईत तेव्हा इमारती उभ्या राहायच्या होत्या.

१९५९ मध्ये केळकर आयआयटी कानपूरचे पहिले संचालक झाले. अभियंत्याचा विज्ञानाचा पाया पक्का हवा आणि मानव्यविद्यांशीही त्याची ओळख हवी, हा त्यांचा आग्रह होता. १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० संगणक आला. एवढे महागडे यंत्र सहसा कुलूपबंद खोलीत राहायचे. बाहेरच्याने पंचकार्डे द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. कानपूरला विद्यार्थी स्वतः यंत्रापाशी बसू लागले. चूक झाली तर तिथेच कळे, तिथेच दुरुस्त होई. देशातील संगणकशास्त्राचे शिक्षण इथूनच सुरू झाले.

१९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७० ते १९७४ ही वर्षे ते पवईत आयआयटी मुंबईचे संचालक होते. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. कानपूरच्या ग्रंथालयाला आज त्यांचे नाव आहे.

अतिदक्षता विभागातला व्हेंटिलेटर मध्यरात्री अडला, की बिघाड शोधणाऱ्याच्या हाताला सवय लागते. उतरवलेल्या जर्नलमुळे विद्यार्थ्याला गुण मिळतात, पण ती सवय लागत नाही. पवईपासून अंधेरी-मुलुंडपर्यंतच्या महाविद्यालयांत यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी म्हणूनच एक प्रश्न जरूर विचारावा : प्रयोगशाळेत यंत्राला हात कोण लावतो?