घरोघरच्या लक्ष्मीचे चित्रकार

पडेगावला आमच्या घरात आजीच्या वेळची लक्ष्मीची तसबीर आहे. तिच्यावर रविवर्म्यांची इंग्रजी सही. हाताने काढलेले अस्सल चित्र आहे, लाखांत जाईल, असे एका पाहुण्याने सांगितले आणि घरात ताईच्या लग्नाचा हिशेब त्यावर मांडला जाऊ लागला. म्हणून मी या चित्रकाराचे चरित्र वाचायला घेतले.

राजा रविवर्मा यांचा जन्म १८४८ साली त्रावणकोरमधील किळिमानूर येथे झाला. चित्रकलेचे पहिले धडे त्यांना मामांकडून मिळाले. तैलरंगाची विद्या मात्र कोणी सुखासुखी शिकवली नाही; दरबारात आलेल्या जेन्सन या युरोपीय चित्रकाराचे काम पाहून पाहून त्यांनी ती उचलली. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. पुढे बडोद्याच्या सयाजीरावांसाठी त्यांनी पौराणिक चित्रे रंगवली. पण राजवाड्यातली चित्रे आमच्यासारख्यांना कुठून दिसणार? चित्रे छापून घ्यावीत, हा सल्ला त्यांना दिला टी. माधवरावांनी, तंजावरच्या मराठी घराण्यातल्या दिवाणांनी.

१८९४ साली मुंबईत छापखाना निघाला. जर्मन यंत्रे, जर्मन कारागीर. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकावर एक रंग चढवीत चित्र पुरे व्हायचे. मूळ चित्रावरची सहीही छापातच उतरे. प्लेगच्या दिवसांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कर्ज वाढले, धाकटे बंधू राजवर्मा हिशेबाने मेटाकुटीस आले, आणि अखेर तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. मालक बदलला तरी चित्रे निघतच राहिली. १९०५ मध्ये बंधू गेले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्माही गेले. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागली.

हे वाचून झाल्यावर मी भूगोल विभागातले भिंग मागून आणले. लक्ष्मीच्या गालावर रंगाचे बारीक, वेडेवाकडे ठिपके दिसले. म्हणजे चित्र हाताचे नव्हे, छापील. मात्र ठिपके सारख्या ओळीत असते तर ती अलीकडची ऑफसेटची नक्कल ठरली असती. तशी ती नाही. दगडावरचा जुना छाप आहे. खालच्या कोऱ्या पट्टीवर छापखान्याचे नाव असते, त्यावरून जाणकार किंमत ठरवतात. ती पट्टी काचेत बसत नाही म्हणून फ्रेमवाल्याने कधीच कापून टाकलेली.

वडिलांना हे सांगताना जीवावर आले. ते काही बोलले नाहीत. आजीने मात्र नेहमीसारखी काच पुसली आणि हळदकुंकू वाहिले.