संत जेरोम आणि शास्त्राबाहेरचे ग्रंथ

आपण ज्यास पवित्र शास्त्र म्हणतों, तो एकाच हातानें लिहिलेला एक ग्रंथ नसून अनेक ग्रंथांचा संग्रह आहे. प्राचीन काळीं यहुदी व ख्रिस्ती लोकांत ह्यांखेरीज दुसरींही पुष्कळ पुस्तकें वाचलीं जात. कोणी प्रेषितांचें नांव घालून शुभवर्तमान रची, तर कोणी एखाद्या जुन्या संदेष्ट्याच्या नांवानें भविष्यकथन करी. त्यांतून खरें कोणतें व भेसळीचें कोणतें, हा प्रश्न ज्यांच्यापुढें जन्मभर उभा राहिला, त्या संत जेरोम ह्यांचें अल्प चरित्र ज्युबिलीच्या ह्या शुभ प्रसंगीं आपणांपुढें ठेवीत आहें.

जेरोम ह्यांचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास स्त्रिदोन येथें ख्रिस्ती कुटुंबांत झाला. विद्याभ्यासासाठीं ते रोमला गेले. तेथें दोनातुस ह्या नामांकित व्याकरणकाराजवळ ते शिकले आणि तेथेंच त्यांनीं बाप्तिस्मा स्वीकारला. सिसेरोच्या ग्रंथांची त्यांस इतकी गोडी लागली कीं, संदेष्ट्यांची साधी भाषा त्यांस ओबडधोबड वाटे. पुढें अंत्युखियाकडे असतांना ते तापानें आजारी पडले. तेव्हां त्यांनीं स्वप्नांत स्वतःस न्यायासनापुढें उभें पाहिलें. आपण ख्रिस्ताचे नव्हे, तर सिसेरोचे अनुयायी आहों, असा ठपका त्यांस तेथें ऐकावा लागला.

त्यानंतर ते सिरिया देशांतील खाल्किसच्या रानांत तपश्चर्येस गेले. मनांतील विकार आवरावे म्हणून त्यांनीं ख्रिस्ती झालेल्या एका यहुद्यापाशीं इब्री भाषेचे धडे घेतले. घशांतून काढावयाचे ते उच्चार शिकतांना त्यांनीं कित्येकदां निराश होऊन अभ्यास सोडला व पुनः धरला.

इ. स. ३८२ त ते रोमला परतले. पोप दामासुस ह्यांच्या आज्ञेवरून त्यांनीं लॅटिन शुभवर्तमानें मूळ ग्रीक प्रतींशीं ताडून शुद्ध केलीं. त्याच सुमारास हेल्विदिउस नांवाच्या गृहस्थानें पवित्र मरियेच्या अखंड कौमार्यावर आक्षेप घेतला. संत योसेफ हे म्हातारे विधुर होते व त्यांस पहिल्या कुटुंबाचीं मुलें होतीं, अशी कथा शास्त्राबाहेरच्या एका ग्रंथांत आहे. तिचा आधार घेतला असता तर उत्तर सोपें झालें असतें. जेरोम ह्यांनीं तो मोह टाळला. खऱ्या गोष्टीच्या समर्थनासही खोटा साक्षीदार नको, हा त्यांचा बाणा होता. त्यांनीं शास्त्राच्याच आधारें उत्तर दिलें आणि संत योसेफ हेही ब्रह्मचारीच होते, असें प्रतिपादिलें.

पोप दामासुस वारल्यावर निंदकांनीं त्यांस रोममध्यें राहूं दिलें नाहीं. इ. स. ३८६ त ते बेथलेहेमला स्थायिक झाले. संत पावला ह्या थोर घराण्यांतील विधवेनें आपलें द्रव्य वेंचून तेथें मठ उभारले. त्या जागीं सुमारें पंधरा वर्षें खपून त्यांनीं जुना करार इब्रींतून लॅटिनमध्यें आणिला.

येथेंच मोठी अडचण आली. तोबीत, युदीथ, ज्ञानग्रंथ, सिराख व मक्काबी हीं पुस्तकें यहुद्यांच्या इब्री संग्रहांत नव्हतीं. म्हणून तीं बोधासाठीं वाचावीं, परंतु धर्मसिद्धान्त ठरविण्यासाठीं घेऊं नयेत, असें जेरोम ह्यांचें मत पडलें. संत अगस्तीन ह्यांस तें मान्य नव्हतें. आफ्रिकेंतील हिप्पो येथील इ. स. ३९३ च्या व कार्थेज येथील इ. स. ३९७ च्या धर्मसभांनीं तीं शास्त्रांत गणिलीं. तथापि बिशपांनीं विनंती करतांच जेरोम ह्यांनीं तोबीतचें भाषांतर एका दिवसांत करून दिलें. युदीथसाठीं एक रात्र दिली. स्वतःच्या मतापेक्षां त्यांनीं बिशपांच्या इच्छेस मान दिला.

ते दोषरहित होते असें नाहीं. त्यांची लेखणी फार तिखट होती. रुफिनुस ह्या बाळमित्राशीं त्यांचें जें वितुष्ट आलें, तें कायमचेंच. इ. स. ४०४ त संत पावला निवर्तल्या. इ. स. ४१० त रोम शत्रूंच्या हातीं पडलें. तेव्हां निराश्रितांची सोय करण्यासाठीं त्यांनीं आपलें लेखन बाजूस ठेविलें. इ. स. ४२० च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस त्यांनीं देह ठेविला, असें परंपरा सांगते.

पुढें त्रेंतच्या धर्मसभेनें ८ एप्रिल १५४६ रोजीं तोबीत, युदीथ आदिकरून ग्रंथ पवित्र शास्त्राचेच भाग होत, असा निर्णय दिला. आणि त्याच बैठकींत जेरोम ह्यांच्या नांवानें चालत आलेलें लॅटिन बायबल प्रमाण ठरविलें. त्यांचें मत बाजूस राहिलें, त्यांचे श्रम मस्तकीं धरले गेले. संताचें मत हें संताचें, निर्णय ख्रिस्तसभेचा.

शास्त्राबाहेरचें सर्वच त्याज्य असेंही नव्हे. मृतांसाठीं चिरशांति मागणारी जी लॅटिन प्रार्थना मिस्सेंत गाइली जाते, तिच्या शब्दांचें मूळ एज्राच्या चौथ्या पुस्तकांत आहे. आणि त्या पुस्तकास जेरोम ह्यांनीं स्वप्नवत् ठरवून दूर सारलें होतें! इ. स. १९४५ त इजिप्तमध्यें नाग हम्मादीजवळ थोमाच्या नांवाचें शुभवर्तमान सांपडलें. अशा शोधांची वार्ता कानीं आली म्हणजे घाबरूं नये व भुलूंही नये. वाचावें, पारखावें, आणि ख्रिस्तसभेनें हातीं दिलेलें शास्त्र घरीं नित्य उघडावें. ह्याहून मोठी ज्युबिलीची भेट कोणती?