बेंथम-हूकरमधले हूकर

आई लंडनला आली तेव्हा तिला ना बिग बेन बघायचं होतं ना बकिंगहॅम पॅलेस. तिला क्यू गार्डन्सला जायचं होतं. तीस वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवलेली ती. बेंथम-हूकर हे तिच्या तोंडी शंकर-जयकिशनसारखं जोडनाव. त्यातले हूकर कोण, हे मला त्या दिवशी कळलं.

जोसेफ डाल्टन हूकर यांचा जन्म १८१७ चा, सफोकमधला. डॉक्टर झाले आणि बाविसाव्या वर्षी रॉस यांच्या अंटार्क्टिक मोहिमेबरोबर निघाले ते चार वर्षांनी परतले. १८४४ च्या जानेवारीत डार्विनने आपलं गुपित पत्रातून त्यांच्याजवळ उघड केलं : सजीवांच्या जाती कायमच्या नसतात, बदलत जातात. पुढे हूकर हिमालय फिरले, १८४९ मध्ये सिक्कीममध्ये कैदेतही पडले. १८६५ ते १८८५ ते क्यूचे संचालक होते. भारतातल्या वनस्पतींवरचा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ १८९७ मध्ये पुरा झाला.

गंमत अशी, की उत्क्रांतीवाद जाहीर झाल्यावर हूकर उघडपणे डार्विनच्या बाजूने उभे राहिले. पण १८६२ ते १८८३ या काळात बेंथमबरोबर त्यांनी वनस्पतींची जी मांडणी केली, ती मात्र फुलांची ठेवण बघून, जुन्या वळणाची. पाइन, सायकस ही मंडळी त्यांनी द्विदल आणि एकदल यांच्या मधोमध बसवली. म्हणजे एका घरातल्या पोरांच्या मधे दूरची चुलत आजी!

असं का? आमच्या धंद्यातला माणूस हे समजू शकतो. लोकांना आज वापरता येईल अशी सिस्टिम हवी असते. हातातल्या रोपाचं नाव सापडावं, ही त्यांची गरज होती, आणि नात्यांचा पुरावा तेव्हा अपुराच होता. तो डीएनएने दिला. १९९८ मध्ये नवी मांडणी आली, तिच्यात क्यूच्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा.

हे बोलताना आई गप्प झाली. आपण जन्मभर चुकीचं शिकवलं की काय, असं तिला वाटलं असावं. पण मग तीच म्हणाली, की आपल्याकडच्या कित्येक हर्बेरियममध्ये वाळवलेली रोपं आजही त्याच क्रमाने लावलेली आहेत आणि मुलांना सापडतातही.

हूकर १९११ मध्ये गेले. वेस्टमिन्स्टर ॲबीऐवजी क्यू ग्रीनवरच्या सेंट ॲन चर्चमध्ये, वडिलांशेजारी त्यांना पुरलं. बागेतून निघताना आम्ही तिकडे वळलो. आई हात जोडून उभी राहिली. पुढच्या वेळी क्यूला गेलात, तर पाच मिनिटं तुम्हीही वळा.