न पाहता भ्रम उलगडणारे प्रज्ञाचक्षू

अचलपूर : तिन्हीसांजेची वेळ. अंगणात दोरी पडलेली असते आणि तिच्यावर पाय पडण्याआधीच माणूस दचकून मागे सरतो. कंदील आणला की साप नाहीसा होतो आणि दोरी उरते. वेदान्ताने जगाचे स्वरूप समजावून सांगताना शतकानुशतके हाच दृष्टान्त वापरला. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अचलपूरच्या या परिसराने मात्र हे वेदान्तशास्त्र उलगडणारा असा एक महापुरुष पाहिला, ज्याच्या आठवणीत ना दोरीचे रूप होते, ना सापाचे. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज हे त्यांचे नाव. दृष्टिभ्रमांविषयी आजचे मेंदूविज्ञान जे सांगते, त्याच्या प्रकाशात या अंध तत्त्वज्ञाचे चरित्र पुन्हा वाचण्यासारखे आहे.

गुलाबरावांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे, आजोळी झाला. वडील गोंदूजी मोहोड, आई अलोकाबाई. घराणे माधानचे. अचलपूरच्या शेजारच्या चांदूर बाजार तालुक्यातले हे गाव. कुणबी शेतकऱ्याच्या घरातले हे मूल वर्षाचेही झाले नव्हते, तोच त्याचे डोळे गेले. डोळ्यांत चुकीचे औषध घातले गेल्याने दृष्टी गेली, असे चरित्रकार सांगतात. चौथ्या वर्षी आईचे छत्र हरपले आणि पुढची काही वर्षे आजीने सांभाळ केला.

अंधत्व आले ते वयही महत्त्वाचे. डोळा हा कॅमेरा आणि मेंदू हा त्याचे चित्र पाहणारा प्रेक्षक, अशी आपली ढोबळ समजूत असते. प्रत्यक्षात मेंदूला पाहणे शिकावे लागते आणि हे शिक्षण प्रामुख्याने बालपणीच होते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून दाखवून दिले, की सुरुवातीच्या ठरावीक काळात डोळ्याकडून नीट संदेश मिळाले नाहीत, तर मेंदूतील दृष्टीची घडण कायमची बिघडू शकते. या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८१ मध्ये, म्हणजे गुलाबरावांच्या जन्मशताब्दीच्याच वर्षी. लोणी टाकळीच्या त्या तान्ह्या बाळाचे डोळे गेले, तेव्हा त्याच्या मेंदूचे पाहण्याचे शिक्षण नुकतेच सुरू झाले होते.

मात्र दृष्टीसाठी राखलेला मेंदूचा भाग अशा माणसात ओसाड पडून राहत नाही. लहानपणी दृष्टी गेलेल्या व्यक्ती ब्रेल लिपी वाचतात, तेव्हा त्यांच्या मेंदूतील हाच भाग कामाला लागतो, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले. गुलाबरावांच्या वाट्याला ब्रेलची सोय नव्हती. भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल ठरली ती १९५१ मध्ये. त्यांचे सारे अध्ययन कानांनी झाले. दुसऱ्याने वाचून दाखवायचे आणि त्यांनी ऐकून मनात साठवायचे. लिहायचे झाले तर त्यांनी सांगायचे आणि दुसऱ्याने उतरून घ्यायचे. एकदा ऐकलेले ते सहसा विसरत नसत, असे सांगितले जाते. स्वतः वाचू न शकणारा हा माणूस प्रवासाला निघताना ग्रंथांची पेटी मात्र बरोबर घेत असे.

१८९६ मध्ये त्यांचा विवाह मनकर्णिकाबाईंशी झाला. १९०१ मध्ये आळंदी येथे संत ज्ञानेश्वरांनी आपल्याला मांडीवर घेऊन मंत्र दिला, असा अनुभव त्यांना आला आणि तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवून घेऊ लागले. पुढे श्रीकृष्णाला पती मानून त्यांनी मंगळसूत्र आणि कुंकू धारण केले. दाढीमिशा असलेल्या पुरुषाच्या गळ्यात मंगळसूत्र पाहून लोक चकित होत, काही जण टीकाही करत. समोर जे दिसते त्यावरून समोरच्याची ओळख ठरवणाऱ्या डोळस समाजापुढे त्यांनी जणू एक कोडेच टाकले होते.

अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या नावावर १३० हून अधिक लहानमोठ्या रचना जमा झाल्या. संप्रदायसुरतरू, साधुबोध, प्रेमनिकुंज, योगप्रभाव ही त्यांतील काही नावे. मनाच्या विकारांचा आयुर्वेदाच्या अंगाने विचार करणारा मानसायुर्वेदही त्यांत आहे. मराठीबरोबरच संस्कृत आणि हिंदीतही त्यांनी रचना केल्या. नावंग नावाची एक स्वतंत्र भाषाच त्यांनी घडवली. डार्विन आणि स्पेन्सर या पाश्चात्त्य विचारवंतांची मते समजून घेऊन त्यांचा परामर्श घेण्याइतकी त्यांची जिज्ञासा व्यापक होती.

त्यांच्या बालपणाचा काळ हा युरोपात दृष्टिभ्रमांच्या अभ्यासाला भरती आलेला काळ होता. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला होता, की पाहणे म्हणजे मेंदूने नकळत केलेले अनुमान होय. डोळ्यांकडून येणारी माहिती अपुरी असते. मेंदू पूर्वानुभवाच्या आधारे ती पुरी करतो आणि तयार झालेला निष्कर्ष आपल्याला दृश्य म्हणून दाखवतो. दोरीचा साप होतो तो इथेच. अंधूक उजेडात एक वेडीवाकडी रेघ दिसते, मेंदू जुन्या भीतीची मदत घेतो आणि चूक झालीच तर सावधगिरीच्या बाजूने करतो.

वाचकांना याची प्रचिती घरबसल्या घेता येईल. कोऱ्या कागदावर आठ सेंटिमीटर अंतरावर दोन ठळक ठिपके काढावेत. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने डावीकडच्या ठिपक्याकडे टक लावावी आणि कागद हळूहळू मागेपुढे करावा. साधारण ३० सेंटिमीटरच्या आसपास उजवीकडचा ठिपका दिसेनासा होतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जिथून मज्जातंतू बाहेर पडतो, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. पण त्या जागी काळे भोक दिसत नाही. मेंदू आजूबाजूच्या कागदाचा पांढरा रंग तिथे भरून टाकतो. प्रत्येक डोळस माणूस असा थोडासा अंध असतो आणि मेंदू ते त्याला कळू देत नाही.

१८८९ मध्ये, गुलाबराव आठ वर्षांचे असताना, म्यूलर-लायर या जर्मन अभ्यासकाने एक साधी आकृती प्रसिद्ध केली. सारख्या लांबीच्या दोन रेषा. एकीच्या टोकांना आत वळलेली बाणाची पाती, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडणारी. दुसरी रेषा लांब भासते. पट्टी लावून मोजावे, दोन्ही समान असल्याची खात्री करून घ्यावी, तरीही ती लांबच दिसत राहते. दोरीवरचा साप उजेड पडताच जातो, हा भ्रम मात्र खरे कळल्यानंतरही जात नाही.

नेमका हाच भेद भारतीय तत्त्वचिंतनाने केलेला आहे. वेदान्तात भ्रमाचे दोन प्रकार मानले जातात. निरुपाधिक भ्रम ज्ञान होताच मावळतो. दोरीवरचा साप या प्रकारातला. सोपाधिक भ्रमाला मात्र बाहेरचे काही निमित्त असते आणि ते निमित्त असेपर्यंत ज्ञान झाल्यावरही तो दिसत राहतो. आरशात दिसणारा चेहरा तिथे नाही हे आपण जाणतो, तरी तो दिसतोच. वैशाखात वऱ्हाडच्या काळ्या मातीवर लखलखणारे मृगजळ हे पाणी नव्हे, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. म्हणून ते चमकायचे थांबत नाही. फसणे तेवढे थांबते.

गुलाबराव महाराजांचे मधुराद्वैत समजून घेताना हा भेद फार उपयोगी पडतो. सर्व काही एकच ब्रह्म आहे हे ज्ञान झाल्यावर भक्त आणि देव हे द्वैत उरेल कसे, असा अद्वैतापुढचा जुना प्रश्न. मधुराद्वैताने ज्ञान आणि प्रेम यांपैकी एकालाही सोडले नाही. एकत्व कळल्यानंतरही भक्तीपुरते दोनपण राहू शकते. ते दिसते, पण फसवत नाही. आरशातल्या प्रतिबिंबाचे असत्य जाणूनही त्यात आपले रूप न्याहाळण्यातला आनंद घेता येतो, तसेच काहीसे हे आहे.

ज्याने कधी आरसा पाहिला नाही, त्याने हे सारे केवळ ग्रंथ ऐकून सांगितले का, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर विज्ञानच देते. भ्रम हा डोळ्यांचा विकार नाही. पहिले आणि मधले बोट एकमेकांवर चढवून त्यांच्या टोकांमध्ये हरभऱ्याचा दाणा फिरवून पाहावा. डोळे मिटलेले असताना दाणे दोन असल्याचा भास होतो. म्यूलर-लायरच्या रेषा उठावदार करून हाताने चाचपायला दिल्या, तर जन्मांध व्यक्तींनाही लांबीचा तसाच भ्रम होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. चुकणारा आणि चूक दुरुस्त करणारा आत बसलेला असतो. तिथे डोळस आणि अंध हा भेद राहत नाही.

भारतातच झालेल्या संशोधनाने या प्रश्नाला आणखी एक पैलू जोडला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या प्रकाश प्रकल्पात, जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी दिली जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, हाताने ओळखलेली वस्तू या मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच नजरेने ओळखता आली नाही. ती जोडणी पुढच्या काही दिवसांत होऊ लागली. पण २०१५ च्या अभ्यासात नऊ मुलांना म्यूलर-लायरसारख्या आकृती दाखवल्या, तेव्हा नुकतीच दृष्टी आलेली ही मुले डोळसांसारखीच फसली. वस्तू ओळखायला शिकावे लागते. काही भ्रम मात्र न शिकताही होतात, ते बहुधा मेंदूच्या घडणीतच असतात.

गुलाबराव महाराजांना अशी शस्त्रक्रिया लाभण्याचा काळ नव्हता. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. त्यांचे कार्य बाबाजी महाराज पंडित यांनी पुढे चालवले.

प्रज्ञाचक्षू म्हणजे बुद्धी हाच ज्याचा डोळा. महाभारतात हे विशेषण अंध धृतराष्ट्रालाही लावले आहे. मात्र त्या राजाला समोरचे सत्य शेवटपर्यंत दिसले नाही. माधानच्या शेतकऱ्याच्या मुलाने ते विशेषण सार्थ केले. त्यांच्या अंधत्वाचे कौतुक करण्याचे मात्र कारण नाही. एका चुकीच्या औषधाने एका बाळाची दृष्टी हिरावली, ही हानी त्यांच्या प्रतिभेने भरून निघत नाही. आपण मात्र डोळे शाबूत असूनही, मेंदूने भरलेला कागदाचा पांढरा रंग खरा मानून चालतो. दिसते आहे म्हणून ते तसेच असेल, असे गृहीत धरू नये, हे त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखे आहे. तिन्हीसांजेला अंगणात दचकल्यावर कंदील आणायला जावे, एवढाच त्याचा अर्थ.