टाकळीची बारा वर्षे

श्रीसमर्थ रामदास स्वामींचे नाव घेताच भाविकांच्या डोळ्यांसमोर सज्जनगड, चाफळ आणि अकरा मारुती उभे राहतात. परंतु या सर्वांच्या आधीचा जो कालखंड, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

समर्थांचा जन्म शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ मध्ये, रामनवमीस मराठवाड्यातील जांब या गावी झाला. पाळण्यातील नाव नारायण. पिता सूर्याजीपंत ठोसर, माता राणूबाई. वडील लवकर निवर्तले. बाराव्या वर्षी लग्नमंडपातील 'सावधान' हा शब्द कानी पडताच नारायण बोहल्यावरून निघून गेला, ही कथा सर्वश्रुतच आहे. तेथून पायी चालत तो नाशिक-पंचवटीस आला आणि जवळच्या टाकळी येथे, नंदिनी व गोदावरी यांच्या संगमावर राहिला.

येथे इ.स. १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे गेली. पहाटे उठावे, कमरेइतक्या पाण्यात उभे राहून मध्यान्हापर्यंत त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप करावा, नंतर पंचवटीत माधुकरी मागावी आणि उरलेला वेळ अध्ययनात घालवावा, असा नित्यक्रम होता. त्यांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रत आजही धुळे येथील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे. जपाची एकूण संख्या तेरा कोटी झाली, असे परंपरा सांगते. प्रस्तुत लेखकाने एकदा सहज हिशेब करून पाहिला, तेव्हा दररोज सुमारे तीस हजार हा आकडा आला. तोही एक दिवस न चुकता!

या बारा वर्षांत बाहेरून पाहणाऱ्यास काय दिसले असेल? पाण्यात उभा असलेला एक मुलगा, पुढे एक तरुण. मठ नाही, शिष्यसमुदाय नाही, दासबोध नाही. पाठीमागे जांब येथे आई वाट पाहत होती. पुत्र कोठे आहे, जिवंत आहे की नाही, हेही तिला ठाऊक नव्हते. पुढे रडून रडून तिची दृष्टी गेली, असे चरित्रकार सांगतात. या तपश्चर्येचे मोल त्या माउलीनेही मोजले, हे विसरता येत नाही.

कार्यालयात येणारे कित्येक भाविक, दोन वर्षे नामस्मरण केले पण काहीच अनुभव नाही, असे खेदाने सांगतात. त्यांना आम्ही टाकळीचे वृत्त सांगतो.

पुरश्चरण पूर्ण झाल्यावरही समर्थांनी कार्यास हात घातला नाही. आणखी बारा वर्षे ते भारतभर तीर्थाटन करीत राहिले. दुष्काळाने व राजकीय धामधुमीने गांजलेला समाज त्यांनी जवळून पाहिला. चोवीस वर्षांनी ते जांबेस आले, तेव्हा दारात भिक्षा मागणाऱ्या गोसाव्याचा आवाज आईने ओळखला. तिला पुन्हा दृष्टी लाभली, अशी श्रद्धा आहे. काही काळ राहून, तिची अनुज्ञा घेऊन ते कृष्णातीरी गेले.

इ.स. १६४४ नंतर मात्र सर्व वेगाने घडले. शहापूर येथे चुन्याच्या मारुतीची स्थापना झाली, इ.स. १६४८ मध्ये चाफळास श्रीराम प्रतिष्ठित झाले आणि दहा-बारा वर्षांत आजच्या सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील अकरा मारुती पूर्ण झाले. कल्याणस्वामींसारखे शिष्य मिळाले, शिवथरच्या घळीत दासबोध आकारास आला. समर्थांनी सज्जनगडावर शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे इ.स. १६८२ मध्ये, देह ठेवला. ती तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते.

टाकळी आता नाशिक शहरातच आली आहे. समर्थांनी गोमयाचा मारुती करून तेथे स्थापिला आणि उद्धवस्वामींना त्याच्या सेवेस ठेवले, अशी परंपरा आहे. पंचवटीचे दर्शन घेणाऱ्या भाविकांनी सवड काढून तेथेही अवश्य जावे.