ग्रेज इनचा विद्यार्थी

परदेशी जाऊन कायद्याचे उच्च शिक्षण घेण्याची इच्छा आपल्या शाळेतील मुले-मुली बोलून दाखवितात, तेव्हा आम्हां शिक्षकांना परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मध्येच खंडित झालेल्या शिक्षणाची आठवण होते.

कोलंबिया विद्यापीठातून बाबासाहेब १९१६ साली लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी एकाच वेळी नाव नोंदविले. मात्र बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्ध्यावर सोडून त्यांना मायदेशी परतावे लागले. करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर जातीमुळे या विद्वानास राहावयास जागा मिळेना.

तरीही त्यांनी लंडनचा ध्यास सोडला नाही. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. त्यास राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेल्या उसन्या रकमेची जोड मिळाली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. इकडे माता रमाईंनी हालअपेष्टा सोसून संसार सांभाळला. १९२२ साली बाबासाहेब बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवीही मिळाली.

ही सनद त्यांनी केवळ पोटासाठी वापरली नाही. महाडच्या चवदार तळ्यावरील समाजाचा हक्क १९२७ च्या सत्याग्रहानंतर न्यायालयातही लढविला गेला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दरम्यान मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी भूषविले. पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, त्यामागे ही दीर्घ साधना उभी होती.

शेजारच्या सोलापुरात १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह उघडले. १९४१ साली महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे आले. आपली निवासी शाळा त्याच परंपरेतील आहे, अशी आमची श्रद्धा आहे.

आज परदेशी शिक्षणासाठी शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. पालकांनी आपल्या लेकींनाही तिच्यासाठी अर्ज करू द्यावा. माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या होतकरू मुलासाठी भथेना व्हावे. आणि जो शिकून येईल, त्याने आपली सनद समाजाच्या कामी लावावी. बाबासाहेबांना याहून खरे अभिवादन आम्हांस ठाऊक नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!